स्वस्तातला मोटराइज्ड स्लायडर घेताना आधी काय बघायचं

स्लायडर, म्हणजे कॅमेरा एका रेषेत सावकाश सरकवणारं साधन, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न लांबीचा येतो. ६० सेंटिमीटरचा पुरेल का, ८० चा घेऊ, की एकदाच काय तो मीटरभराचा घेऊन टाकू? दुसरा प्रश्न ॲपचा, तिसरा पॅनचा, म्हणजे सरकताना कॅमेरा वळवण्याचा. मी पोटासाठी टूलरूममध्ये काम केलं आणि हौस म्हणून व्हिडिओ आणि टाइमलॅप्स (ठरावीक अंतरानं काढलेले फोटो जोडून केलेला वेगवान व्हिडिओ) करतो. मशीनच्या स्लाइडवर हात ठेवून तिच्यातला प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, ओळखायची सवय तिथली, आणि स्लायडर निवडताना ती फार कामी येते. कारण स्लायडर म्हणजे एक छोटं मशीनच. एक रेल, तिच्यावर सरकणारं कॅरेज आणि ते ओढणारी मोटर. बाकी सगळा वरचा साज.

कमी पैशात चांगला स्लायडर मिळतो. फक्त त्यातले पैसे कुठे खर्च झालेले असायला हवेत आणि कुठे वाचवलेले चालतात, हे घेणाऱ्याला कळायला हवं. त्यासाठी एक छोटं गणित करू, म्हणजे पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतील.

सरकणं आणि डुलणं

फुलफ्रेम कॅमेऱ्यावर (सेन्सर ३६ मिमी रुंद) २४ मिमीची लेन्स लावली, तर एक मीटर अंतरावर दीड मीटर रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये मावतं. अर्ध्या मीटरवर पाऊण मीटर, पाच मीटरवर साडेसात मीटर, अशी ती रुंदी वाढत जाते. आता कॅरेज ५० सेमी सरकलं असं धरा. अर्ध्या मीटरवरचं रोपटं फ्रेमच्या दोन-तृतीयांश रुंदीतून सरकत जाईल. पाच मीटरवरचं झाड फ्रेमच्या पंधराव्या हिश्शाएवढं हलेल. शंभर मीटरवरची टेकडी मात्र तीनशेव्या हिश्शाएवढीच, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोतल्या ६००० पिक्सेलांपैकी फक्त २० पिक्सेल. बघणाऱ्याला ती जागची हललेलीही वाटणार नाही.

म्हणजे लांबीचा उपयोग जवळ काहीतरी असेल तेव्हाच. आणि जवळ गवत, कठडा, दगड असं काही असेल, तर ४०-५० सेमीचा प्रवास पुष्कळ झाला. जवळ काहीच नसेल तर सव्वा मीटरचा स्लायडरही विशेष काही करू शकत नाही.

आता दुसरी बाजू. कॅरेजची चाकं एकमेकांपासून ८० मिमी अंतरावर आहेत आणि एका चाकात ०.१ मिमीचा प्ले आहे, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा. कॅरेज सरकता सरकता तेवढ्यानं तिरपं झालं की कॅमेराही तेवढाच वळतो. २४ मिमी लेन्सवर त्या वळण्यानं अख्खं चित्र ५ पिक्सेल उडी मारतं. ८५ मिमीची लेन्स असेल तर १७-१८ पिक्सेल. आणि ही उडी शंभर मीटरवरच्या टेकडीलाही बसते, आभाळालाही बसते. सरकणं जवळच्या वस्तूंपुरतंच दिसतं. डुलणं जवळचं-लांबचं सगळं हलवून टाकतं.

म्हणून माझा क्रम असा: आधी रेल आणि कॅरेज, मग अगदी कमी वेगात मोटर कशी चालते ते, मग शटरची जोडणी, मग वीज. लांबी त्यानंतर. ॲप, स्क्रीन, कार्बन फायबर, तयार प्रीसेट हे सगळं शेवटी.

रेल आणि कॅरेज

स्वस्त स्लायडरमध्ये साधारण तीन प्रकार बघायला मिळतात. पहिला, ॲल्युमिनियमची खाचा असलेली पट्टी आणि तिच्या कडांवरून धावणारी चाकं. दुसरा, दोन समांतर नळ्या, मग त्या स्टीलच्या असोत नाहीतर कार्बन फायबरच्या, आणि त्यांना धरून चालणारे रोलर किंवा बुश. तिसरा, स्टीलची लिनिअर रेल आणि तिच्यावर बॉल बेअरिंगचा ब्लॉक. तिसरा सगळ्यांत घट्ट चालतो, पण जड असतो आणि धूळ, वाळू त्याला अजिबात सोसत नाही. बाहेर फिरून चित्रीकरण करणाऱ्याला मी पहिला प्रकार सुचवेन, एका अटीवर: चाकं ॲडजस्ट करता आली पाहिजेत. चाकाच्या बोल्टाखाली एक्सेंट्रिक नट असतो. तो थोडा फिरवला की चाक रेलवर दाबलं जातं किंवा सैल होतं. हा नट असेल तर वर्षभरानं चाक झिजलं तरी पाच मिनिटांत प्ले काढता येतो. नसेल तर झिजलेला स्लायडर झिजलेलाच राहतो.

कार्बन फायबरच्या नळ्यांनी वजन कमी होतं हे खरं. पण स्वस्तातल्या स्लायडरमध्ये नळ्या चांगल्या आणि त्यांना दोन्ही टोकांना धरणारे ठोकळे प्लास्टिकचे, असं पुष्कळदा दिसतं. मग नळी वाकत नाही, पण ठोकळ्यात पीळ बसतो. एक टोक टेबलावर दाबून धरा आणि दुसरं टोक हातानं पिळून बघा. रेल पिळली जाताना डोळ्यांना दिसत असेल, तर त्या स्लायडरची बाकी वैशिष्ट्यं वाचत बसू नका.

प्ले तपासायची पद्धत सोपी आहे. कॅरेज रेलच्या मधोमध आणा, सरकण्याच्या दिशेनं नव्हे, तर आडवं, वर-खाली आणि वळवून हलवा. एक बोट कॅरेज आणि रेल यांच्या सांध्यावर टेकवून ठेवा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. हेच दोन्ही टोकांना करा. मध्ये घट्ट आणि टोकाला सैल लागत असेल, तर रेल सगळीकडे एकसारखी नाही.

यानंतरची कसोटी कॅमेऱ्यानं करायची, आणि ती दुकानात किंवा माल परत करण्याच्या मुदतीत घरी कराच. तुमच्याकडची सगळ्यांत लांब फोकल लेंथची लेन्स लावा, स्टॅबिलायझेशन (थरथर आपोआप सावरणारी सोय) बंद करा, आणि दीड-दोनशे मीटरवरच्या एखाद्या उभ्या सरळ कडेवर फोकस करा. इमारतीचा कोपरा, खांब, टॉवर, काहीही चालेल. आता स्लायडर सर्वांत कमी वेगानं टोकापासून टोकापर्यंत चालवून व्हिडिओ घ्या. वरच्या गणितानुसार ती कडा जवळजवळ स्थिर दिसली पाहिजे, फार तर अगदी सावकाश एका बाजूला जाईल. ती मध्येच झटका मारत असेल, ठरावीक अंतरानं डुलत असेल, तर तो रेलचा, चाकाचा किंवा मोटरचा दोष आहे. ठरावीक अंतरानं येणारं डुलणं बहुधा चाकाचं असतं. चाकाचा परीघ मोजा. डुलण्याचं अंतर तेवढंच निघालं तर संशय उरत नाही.

मोटर: कमी वेगातच खरं कळतं

व्हिडिओसाठी कॅरेज ५० सेमी अंतर २० सेकंदांत कापत असेल, तर वेग सेकंदाला २५ मिमी. एवढं कुठलीही मोटर करते. टाइमलॅप्समध्ये तेच अंतर दोन तासांत कापायचं असतं. म्हणजे मिनिटाला चार मिमीच्या आसपास. या वेगाला स्वस्त मोटरचा कस लागतो.

साधी डीसी गिअर मोटर एवढ्या मंद वेगात अडखळते. थांबते, जोर साठवते, मग एकदम पुढे सरकते. शिवाय फेऱ्या मोजणारा एन्कोडर जोडलेला नसेल तर आपण नेमके कुठे आहोत हे तिला कळत नाही. स्टेपर मोटर पावलापावलानं चालते. नेहमीची नेमा १७ आकाराची स्टेपर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. तिच्यावर २० दात्यांची जीटी२ पुली असेल, तर एका फेऱ्यात बेल्ट ४० मिमी सरकतो, कारण त्या बेल्टचे दाते दोन-दोन मिमीवर असतात. म्हणजे एका पावलाला ०.२ मिमी. ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करत असेल, तर ०.०१२५ मिमी. यासाठीच वर्णनात ‘स्टेपर मोटर’ हे शब्द शोधायचे. नुसतं ‘शक्तिशाली मोटर’ लिहिलं असेल तर विक्रेत्याला थेट विचारा.

आवाजाचं काय? स्टेपर गुणगुणते, आणि मुलाखत किंवा बोलण्याचा व्हिडिओ करायचा असेल तर माइकमध्ये ते उतरतं. ट्रायनॅमिकच्या टीएमसी मालिकेसारखे शांत ड्रायव्हर आता थ्रीडी प्रिंटरमध्येही सर्रास असतात, आणि काही स्लायडरवालेही ते वापरतात. वर्णनातल्या डेसिबलच्या आकड्यापेक्षा आपला माइक स्लायडरपासून हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. फक्त टाइमलॅप्स करणाऱ्यानं आवाजाच्या नादी लागूच नये, त्याला त्याचं काही घेणंदेणं नाही.

कॅरेज ओढायला बेल्ट की लीड स्क्रू, म्हणजे फिरून कॅरेज सरकवणारा लांब आट्यांचा दांडा? हौशी वापराला बेल्ट. वेग जास्त मिळतो, वजन कमी, आणि बेल्ट ढिला झाला की ताण वाढवता येतो. त्यासाठी स्क्रू दिला आहे ना, तेवढं बघा. बारीक पिचचा (जवळजवळ आटे असलेला) लीड स्क्रू टाइमलॅप्सला उत्तम आणि उभ्या स्लायडरवर वीज गेली तरी कॅरेज खाली घसरत नाही. पण व्हिडिओसाठी तो हळू पडतो आणि आवाजही जास्त करतो. चाक थेट रेलवर घासून चालणारे स्लायडरही मिळतात. दव पडलं किंवा रेल ओली झाली की ते चाक घसरतं, म्हणून मी ते टाळतो.

एक गोष्ट आवर्जून बघा: सुरुवातीला वेग हळूहळू वाढतो का आणि शेवटी हळूहळू कमी होतो का. हे नसेल तर प्रत्येक शॉट धक्क्यानं सुरू होतो आणि धक्क्यानं थांबतो, आणि एडिटिंगमध्ये दोन्ही टोकं कापून टाकावी लागतात. आधीच तोकड्या रेलवर ते परवडत नाही.

टाइमलॅप्ससाठी शटरची तार

टाइमलॅप्स दोन प्रकारे होतो. एकात कॅरेज सतत सरकत राहतं आणि कॅमेरा आपल्या इंटरव्हलोमीटरवर, म्हणजे ठरावीक वेळानं शटर दाबणाऱ्या टायमरवर, फोटो काढत राहतो. दुसऱ्यात स्लायडर थांबतो, फोटो काढतो, थोडं सरकतो, पुन्हा थांबतो. दिवसा पहिला प्रकार सहसा चालून जातो. रात्री मात्र गणित बदलतं.

ताऱ्यांचा १२ सेकंदांचा टाइमलॅप्स २५ फ्रेमच्या वेगानं करायचा म्हणजे ३०० फोटो. दर ३० सेकंदांना एक, म्हणजे अडीच तास. तेवढ्या वेळात ५० सेमी सतत सरकायचं, तर २० सेकंदांच्या एका एक्स्पोजरमध्ये कॅरेज १.१ मिमी पुढे जातं. एक मीटरवरचा दगड त्यात चार पिक्सेल पुसट होतो, अर्ध्या मीटरवरचा आठ-नऊ. तारे ठीक येतात आणि ज्याच्यासाठी स्लायडर लावला तो दगडच मऊ पडतो. थांबून फोटो काढणाऱ्या पद्धतीत हा प्रश्न येत नाही. प्रत्येक फोटोनंतर १.७ मिमीची उडी, मग पूर्ण स्थिर.

या पद्धतीसाठी स्लायडरला कॅमेऱ्याचं शटर दाबता आलं पाहिजे. त्यासाठी त्यावर शटरचं सॉकेट हवं, बहुतेक वेळा ते २.५ मिमीचं असतं. त्यातून निघणारी तार तुमच्या कॅमेऱ्याच्या रिमोट सॉकेटला बसणारी हवी, आणि प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही वेगळं. तार डब्यात आहे का, नसेल तर वेगळी मिळते का, हे आधी विचारा. ‘टाइमलॅप्स मोड’ असं छापलेलं असलं तरी त्याचा अर्थ कधी कधी नुसता ‘फार हळू चालतो’ एवढाच असतो. शिवाय थांबल्यानंतर फोटो काढण्याआधी किती वेळ स्थिर राहायचं, ते ठरवता आलं पाहिजे. वारं असेल तर सेकंदभर, एरवी अर्ध्या सेकंदानंही भागतं.

फोनवर करणार असाल तर हे सगळं सोडून द्या. फोनचा टाइमलॅप्स मोड आपल्या तालानंच चालतो, त्यामुळे सतत सरकणारा साधा स्लायडर पुरे. फोनचं वजन कमी असल्यानं लहान स्लायडरही चांगला चालतो. फक्त फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा.

वजन, आणि एकाच ट्रायपॉडची अडचण

कॅमेरा, लेन्स, बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या कोनात धरणारा गोळ्याचा सांधा), क्विक रिलीज प्लेट हे सगळं एकत्र काट्यावर ठेवून वजन करा. बॉलहेडचं वजन बहुतेक जण विसरतात आणि ते सहज ३००-४०० ग्रॅम भरतं. वर्णनातला वजनाचा आकडा आडव्या स्लायडरचा असतो. तिरपा लावणार असाल तर त्याच्या निम्म्यावरच हिशेब धरावा, असं माझं मत. उभ्यासाठी वेगळा आकडा दिला नसेल तर उभा लावूच नका. बॉलहेड घेताना तो बुटका घ्या. कॅमेरा रेलपासून जितका उंच, तितका चाकातला प्ले वाढून दिसतो. बॉलहेडच्या बुडाला बहुधा ३/८ इंचाची आटी असते आणि कॅमेऱ्याच्या बुडाला १/४ ची, तेव्हा कॅरेजवरचा स्क्रू कोणता आहे तेही बघा.

लांबीचा खरा त्रास इथे निघतो. मीटरभराचा स्लायडर मधोमध एका ट्रायपॉडवर बसवला आणि दीड किलोचा कॅमेरा टोकाला गेला, की ट्रायपॉडचं हेड लवतं आणि क्षितिज तिरपं होतं. ते एका बाजूला तिरपं, मग सरळ, मग दुसऱ्या बाजूला तिरपं होत जातं, म्हणून एडिटिंगमध्येही धड सरळ करता येत नाही. उपाय तीन: दोन्ही टोकांना दोन ट्रायपॉड, टोकापासून ट्रायपॉडच्या पायाला जोडणारा आधाराचा दांडा, किंवा स्लायडर त्याच्या पायांवर थेट जमिनीवर. जमिनीवर ठेवायचा झाला तर पाय वेगवेगळ्या उंचीला फिरवता यायला हवेत, नाहीतर खडबडीत जागी रेलच पिळली जाते.

आखूड रेल स्वतः ट्रायपॉडवरून सरकते आणि वरचं कॅरेजही सरकतं, असे दुप्पट अंतर देणारे स्लायडर पिशवीत मावतात आणि मला ते आवडतात. पण त्यात सांधे दोन, म्हणून प्ले तपासणंही दुप्पट काळजीनं करावं लागतं. पॅनची मोटर असलेल्या स्लायडरचंही तेच. टेबलावरच्या वस्तूभोवती कॅमेरा वळत जातो तो शॉट देखणा दिसतो, त्यात वाद नाही. पण थोड्या पैशात दोन मोटरा घेतल्या की दोन्ही मध्यम दर्जाच्या मिळतात. त्याच पैशात एक चांगली मोटर आणि एक ताठ रेल घ्यावी, हे मी कोणालाही सांगेन.

आणि हो, ६० सेमीची रेल म्हणजे ६० सेमीचा प्रवास नव्हे. कॅरेजची लांबी आणि टोकाचे ठोकळे वजा केले की पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस उरतात. ‘प्रवास’ किती, ते विचारा.

वीज आणि बटणं

स्टेपर थांबलेली असतानाही वीज खाते, कारण ती आपली जागा धरून ठेवत असते. म्हणून ‘इतके तास चालतो’ हा आकडा कुठल्या पद्धतीत मोजला, ते महत्त्वाचं. आतली बॅटरी बदलता येत नसेल तर ती म्हातारी झाली की स्लायडरही अडतो. सोनीच्या एनपी-एफ प्रकारची बॅटरी बसणारा स्लायडर सोयीचा, कारण त्याच बॅटऱ्या व्हिडिओच्या लाइटनाही चालतात. पॉवर बँकवर चालवणार असाल तर एक पाहून घ्या: वीज फार कमी ओढली गेली की कित्येक पॉवर बँक आपोआप बंद होतात, आणि थांबून-थांबून चालणाऱ्या स्लायडरवर हे रात्री मध्येच होऊ शकतं. घरीच तासभर चालवून बघितलं की कळतं.

अंगावर बटणं असलेला स्लायडर घ्या. ॲप असेल तर हरकत नाही, पण ॲपशिवाय सुरूच होत नाही असा नको. ॲपला शेवटचं अपडेट कधी आलं ती तारीख बघा, आणि फोन लॉक झाल्यावर किंवा ब्लूटूथ तुटल्यावर स्लायडर चालू काम पुरं करतो का, ते तपासा. सुरुवात, शेवट आणि लागणारा वेळ एवढं बटणांवरून देता आलं तरी हौशी माणसाचं बहुतेक सगळं काम होतं.

आणल्यावर

चाकं ॲडजस्ट करा: कॅरेज धरून ठेवा आणि एकेक चाक बोटानं फिरवा. थोड्या जोरानं घसरत फिरलं तर बरोबर. सहज फिरलं तर सैल, अजिबात फिरलं नाही तर फार घट्ट. प्लास्टिकच्या चाकांवर तेल घालू नका, धूळ चिकटते. कोरड्या कापडानं रेल पुसणं पुरे. स्टीलच्या लिनिअर रेलला मात्र तेलाचा हलका हात हवा.

पहिला टाइमलॅप्स दिवसा करा. दहा सेकंदांसाठी २५० फोटो, दर पाच सेकंदांना एक, म्हणजे सुमारे २१ मिनिटं. ४५ सेमीचा प्रवास असेल तर दर फोटोला १.८ मिमी. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन बंद, लेन्स वाइड, आणि हातभर अंतरावर काहीतरी हवंच. कॅमेरा आधी दोन्ही टोकांना नेऊन फ्रेम बघा, म्हणजे शेवटच्या मिनिटाला ट्रायपॉडचा पाय किंवा पिशवी फ्रेममध्ये यायची नाही. शटरची तार कॅरेजबरोबर मोकळी सरकेल अशी ढिली ठेवून टेपनं रेलच्या मध्यावर चिकटवा आणि फोटो सुरू करण्याआधी कॅरेज एकदा टोकापासून टोकापर्यंत रिकामं पळवून तार कुठे अडकत नाही ना ते बघा.